गादीवर बसलेला हलकारा

चंद्रभानने नऊ वर्षं डाकेची थैली खांद्यावरून वाहिली. रोज सकाळी अमरावतीतून धावत निघायचं, बडनेरा मागे टाकायचं आणि पुढच्या टप्प्यावर उभ्या असलेल्या हलकाऱ्याच्या हाती थैली द्यायची. तो ती अकोल्याच्या बाजूला नेई. तिकडून आलेली थैली घेऊन चंद्रभान दुपारी परत फिरे. हातातल्या काठीला घुंगरं बांधलेली असत. त्यांचा आवाज आला की गाडीवाले बैल बाजूला घेत. सरकारी डाक होती; तिला कुणी अडवायचं नाही, आणि तिनेही कुठे थांबायचं नाही.

तरी चंद्रभान एका ठिकाणी थांबायचा. बडनेऱ्याच्या पुढे रस्त्याला लागूनच माळ्यांचा एक मळा होता. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाने झेंडू. तिथल्या विहिरीवर मनकर्णा असायची. तिचा नवरा लग्नानंतर चारच वर्षांत वारला होता. दीर किसनराव याच्या घरी राहून ती मळा बघत होती. घुंगरं ऐकली की ती पाण्याचा तांब्या बांधावर आणून ठेवी. चंद्रभान उभ्यानेच पाणी पिई.

"ऊन लय हाये आज," तो म्हणे.

"हाये न जी, डाकवाले," ती म्हणे.

कधी पदरातली दोन बोरं, कधी कोवळी काकडी. एवढंच. तेवढ्यावर नऊ वर्षं गेली.

चंद्रभानची बायकोही पहिल्याच बाळंतपणात गेली होती. जातीने तोही माळीच. फक्त बापाची जमीन राहिली नव्हती. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे; तेव्हा विचारायला आडकाठी अशी नव्हती. पण तो आजही तिथे पोचणार होता आणि उद्याही पोचणार होता. आजच बोललं पाहिजे, असं त्याला कधी वाटलंच नाही.

मग तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना रुई मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. अमरावतीत मुंबईपासूनचे व्यापारी येऊन उतरले. त्यांची पत्रं, हुंड्या, कापसाचे नमुने यांनी डाकेची थैली फुगत गेली. शेवटी ती एका माणसाच्याने उचलेना. एका सकाळी डाकमुन्शीने चंद्रभानला सांगितलं, "उद्यापासून टांगा जाईल."

"अन मी?"

"तू मोकळा."

चंद्रभानने काठी कोपऱ्यात उभी केली. त्या दिवशी तांब्या बांधावर ठेवला गेला असेल, हा विचार त्याला घरी आल्यावर आला आणि भाकरी तशीच राहिली.

कापडवाले वामनशेठ माणूस शोधत होते. कास्तकारांच्या हाती पैसा खेळत होता, बायामाणसं गाड्या जुंपून लुगडी घ्यायला येत होती, आणि शेठजींना गिऱ्हाईक आवरत नव्हतं. नऊ वर्षांत एक पत्र न हरवलेला माणूस म्हणून त्यांनी चंद्रभानला ठेवून घेतलं. दुकानदारीतलं त्याला काही येत नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

त्याला बसता येत नव्हतं. घटकाभर गादीवर मांडी घातली की पोटऱ्या वळायच्या आणि तो उठून उभा राही.

"अरे बस न! तू असा उभा राह्यला का गिऱ्हाइकाले वाटते, दुकान बंद होऊन राह्यलं," शेठजी म्हणत.

कापड गजावर धरताना तो ढिलं सोडी. लुगड्याची घडी एकदा मोडली की त्याला परत जमत नसे. एका बाईने विचारलं, "भाऊ, धुतल्यावर रंग जाईन काय याचा?"

"जाईन," चंद्रभान म्हणाला.

बाई उठून गेली. शेठजींनी कपाळाला हात लावला. "खोटं बोलू नोको, बाप्पा. पन इतकं खरंबी बोलू नोको!"

सगळ्यात कठीण होती रंगांची नावं. अंजिरी, डाळिंबी, मोतिया, मोरपिशी... शेठजी घोकून घेत आणि गिऱ्हाईक समोर बसलं की त्याच्या तोंडून एकही नाव निघत नसे. एकदा वलगावची गोदाबाई नावाची म्हातारी सुनेला घेऊन आली. लुगड्यावर हात ठेवून तिने विचारलं, "हा कोनता रंग म्हनाचा?"

चंद्रभान गडबडला. मग म्हणाला, "वांग्याचं फूल असते न माय, सकाळचं? थो."

म्हातारीने लुगडं उजेडात धरलं. "खरंच व! अन हा?"

"मिरची हिरवी राह्यत नाही अन लालबी झाली नसते, त्या दिवसातला."

सासूसुना दोघी हसल्या आणि दोन्ही लुगडी घेऊन गेल्या. पुढच्या बाजाराला तिच्या शेजारणी आल्या. त्यांना शेठजींकडून रंग ऐकायचे नव्हते. "थे मळ्यातले रंग सांगनारे भाऊ कुठी हायेत?" असं विचारत त्या येत. शेठजी खूश झाले. हळूहळू चंद्रभानला घडी जमली, मांडीही जमली.

पण दर वेळी वांग्याचं फूल म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे तो बांध उभा राही. त्याला हे रंग इतके पाठ का होते, हे त्याचं त्यालाच आता कळत होतं. मनकर्णाकडे सरळ बघायचा धीर नव्हता, म्हणून तो पाणी पिताना तिच्या भोवतालची झाडं बघत राहिला होता.

दुकानाच्या सुटीला तो दोनदा बडनेऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. खांद्यावर थैली असताना, कुठे चाललास असं त्याला कुणी विचारत नव्हतं. आता त्याचा तोच विचारी, आणि उत्तर तोंडावर येत नसे.

दिवाळी होऊन कापसाच्या गाड्या बाजाराकडे लागल्या होत्या. एका दुपारी दोन बाया दुकानात आल्या. पुढची किसनरावची बायको माणिकबाई होती. मागची मनकर्णा.

तिने त्याला आधी ओळखलं. "डाकवाले?"

चंद्रभान पटकन उठून उभा राहिला. शेठजींनी डोळ्यांनीच बस म्हटलं, तरी तो उभाच.

"पानी प्याले येनं काहून बंद केलं जी?" तिने विचारलं.

"डाक बंद झाली माही."

"डाक बंद झाली, म्हून तहानबी बंद झाली काय?"

माणिकबाई मध्येच बोलली, "लुगडं दाखवा भाऊ. चांगलं पायजे. हिचा पाट हाये, वलगावच्या महादेवरावासंगं. आठ दिवस राह्यले."

चंद्रभान खाली बसला. त्याने एक लुगडं उलगडलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी फळी खाली आली. ती जाऊ नये म्हणून तो दाखवत राहिला. मनकर्णाने जांभळ्या लुगड्याचा पदर हातात घेतला.

"वांग्याच्या फुलाचा हाये," तो म्हणाला.

"वांगे नाही आता तिथं. दीरानं यंदा सगळी कापसाची पऱ्हाटी लावली. विहिरीवर माहं काई काम नाही राह्यलं." तिने पदर ठेवला नाही. "हेच द्या. अन तुमचं नाव काय जी? इतक्या वर्षांत इचारलंच नाही."

"चंद्रभान."

ती ते नाव मनाशी म्हणाली, असं त्याला ओठांवरून दिसलं.

तीन दिवस त्याने दुकानात चुका केल्या. चौथ्या दिवशी तो शेठजींना सांगून निघाला आणि या वेळी बडनेऱ्याला थांबला नाही. किसनराव ओसरीवर बसला होता. माणूस वाईट नव्हता. त्याने चंद्रभानला बसायला घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तुमी दिवाळीच्या आंधी आले असते, त मी हो म्हनलं असतं," तो म्हणाला. "मले का जमीनच पाह्याची होती? पन आता महादेवरावाले जबान देल्ली. मानूस भला हाये थो. त्याले काय सांगू मी?"

चंद्रभानला त्यात खोट काढता येईना. तो उठला. दाराआड मनकर्णा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"लय उशीर केला तुमी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला परतीची वाट सोपी गेली असती.

"हो," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी पाट लागला. चंद्रभान त्या दिवशी दुकानात होता.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव कोसळला आणि अमरावतीच्या बाजारातली गर्दी ओसरली. अकोल्यावरून आगगाडी धावू लागली, तेव्हा वामनशेठने तिथे लहानसं दुकान काढून चंद्रभानला त्यावर बसवलं. लोक त्याला आता चंद्रभानजी म्हणू लागले. बायका लग्नसराईत आधी त्याच्या पायरीवर येत. ओळखीच्यांनी दोनतीन स्थळं आणली. तो ऐकून घेई, पाहुण्यांना पानसुपारी देई आणि विषय बदली.

एका उन्हाळ्यात वलगावचा एक कास्तकार मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला अकोल्यास आला. गाव कळल्यावर चंद्रभानने कापड मोजता मोजता महादेवरावांची चौकशी केली.

"मजेत हायेत. यंदा पोरगी झाली त्याहीले," तो म्हणाला.

"बाई बऱ्या हायेत?"

"हो, दोघीबी."

चंद्रभानचा हात गजावर थांबला. "नाव काय ठेवलं पोरीचं?"

"सुभद्रा."

"चांगलं नाव हाये," चंद्रभान म्हणाला. मोजत होता तो आकडा तो विसरला होता. त्याने कापड सोडलं आणि पहिल्या गजापासून पुन्हा मोजायला घेतलं.