दाजींचं आतिशदान

थंडीला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण थंडी घरात नेमकी कुठून शिरते याचा छडा लावत फिरणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आला. ते म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. निजामी अमलात बीदरला ते तामीरात, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात, कारकून होते. मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो.

बीदर उंच माळावर वसलेलं. पौषातला तिथला वारा घोंगडीला जुमानत नाही. दाजी पेटती उदबत्ती हातात धरून दारं-खिडक्यांपुढून सावकाश फिरत. धुराची रेघ सरळ वर गेली तर पुढं सरकत. वाकडी झाली की तिथं फट आहे असं समजून चिंध्या कोंबत. नवख्या पाहुण्याला वाटे, किती देवभोळा माणूस, खिडक्यांनासुद्धा ओवाळतो. परक्या घरीही त्यांची खोड सुटत नसे. एकदा नात्यातल्या एका मुलासाठी आम्ही मुलगी बघायला गेलो. मुलीनं पानसुपारीचं तबक पुढं केलं, तेव्हा दाजी मागच्या खिडकीला गाल लावून उभे होते. मुलीच्या वडिलांनी घाबरून काही चुकलं का विचारलं. "पोरगी चांगली हाय," दाजी म्हणाले, "पण चौकटीतून वारं यायलंय, तेवढं बघा." लग्न जमलं, आणि मांडव घालायच्या आधी त्या गृहस्थांनी चौकटही दुरुस्त करून घेतली.

या वेडाचं कारण घरातच होतं. थंडी पडली की अक्काचे सांधे आखडत. सकाळी तिला स्वतःची वेणी घालता येत नसे. ती हे कुणाला सांगत नसे आणि दाजीही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. ते नुसत्या फटी बुजवत राहत.

एका हिवाळ्यात त्यांनी आतली खोली इतकी बंदिस्त केली की उदबत्तीची रेघ कुठंच हलेना. मोठ्या समाधानानं त्यांनी कोळशाची शेगडी फुलवून आत नेली, अक्काला तिच्याजवळ बसवलं, दार ओढून घेतलं आणि ओसरीवर येऊन मला खोलीची थोरवी सांगू लागले. बऱ्याच वेळानं त्यांनी पाणी मागितलं. आतून ओ आली नाही. दार ढकललं तर अक्का भिंतीला कलंडली होती. धुराचा मागमूस नव्हता. निखारे शांत फुललेले होते. आम्ही तिला उचलून अंगणात आणलं. त्या गार वाऱ्यात तिला ओकारी झाली, मग तिनं डोळे उघडले. "डोकं लई दुखायलंय," एवढंच ती म्हणाली. तिला वाऱ्यापासून जपण्यात वर्षं घालवलेले दाजी डोक्यावरची टोपी काढून तिला वारा घालत होते.

डॉक्टरांनी सांगितलं, बंद खोलीत कोळसा धूर न दाखवताच माणसाला मारतो. दाजींनी स्वतःच्या हातांनी सगळ्या चिंध्या उपसल्या. पुढं बरेच दिवस उदबत्ती फक्त देवापुढं लागली.

मग एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्याच्या दुरुस्तीचे कागद त्यांच्या मेजावर आले. त्या बंगल्यात आतिशदान होतं. भिंतीत कोनाडा, त्यात लाकडं पेटवायची, वर धुराडं. धूर आभाळात आणि ऊब घरात. दाजींनी गवंडी लावून तसंच एक आमच्या भिंतीत बांधलं. शेजारच्या बायका बघून गेल्या. एकीनं यावर भाकरी कशी भाजायची ते विचारलं. पेटवल्या दिवशी सगळा धूर खोलीत आला आणि आम्ही खोकत अंगणात. धुराडं उंच करून पाहिलं, तरी तेच.

एका संध्याकाळी अक्का ताट घेऊन उंबऱ्यावर थांबली आणि धूर सरळ धुराड्यात चढला. तिनं आत येऊन घरच्या शिस्तीप्रमाणे दार लावलं, तसा तो परत खोलीत फिरला. दाजींनी तिला पुन्हा बाहेर जायला सांगितलं, पुन्हा आत बोलावलं. शेवटी ती वैतागली. "मी काय पंखा हाय व्हय?"

पण दाजींना उमगलं होतं. जाळ हवा वर धाडतो, तितकी हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि आता धूर धुराड्यातून जाणार या भरवशावर त्यांनी तर सगळ्या वाटा पुन्हा बुजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशी उखडली आणि अंगणापासून आतिशदानापर्यंत खापरी नळ पुरला, म्हणजे वारा कुणाच्या पायांना न शिवता थेट जाळाला मिळावा. भिंतीला भोक पाडताना त्यांचा चेहरा जुन्या वैऱ्याला जेवायला बोलावणाऱ्या माणसासारखा झाला होता. खिडकीची वरची झडप त्यांनी कायमची उघडी ठेवली. रात्री धुराड्यातून गार वारा उतरू नये म्हणून त्याला लोखंडी झाकण बसवलं, पण राखेत स्वतः हात घालून ती पुरती गार झाल्याची खात्री केल्याशिवाय ते कुणाला लावू दिलं नाही.

त्यानंतरचे हिवाळे मला आठवतात. कचेरीतून येऊन दाजी हातपाय धुवत आणि आतिशदानासमोर बसत. अक्का बोटं शेकत असे, ते तिला साहेबांच्या गमती सांगत. सकाळी तिची वेणी घातलेली असे.

पुढं त्यांची बदली गुलबर्ग्याला झाली. तिथल्या उष्ण हवेत अक्काचे सांधे आपोआप मोकळे झाले. दाजींना आनंद झाला, पण त्यांना करायला काही उरलं नाही. संध्याकाळी ते शेजाऱ्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागले.

सुट्टीत मी भेटायला गेलो होतो. अक्का तांदूळ निवडत होती. इथली हवा तुला मानवली, असं मी म्हणालो, ती हो म्हणाली. तेवढ्यात दाजी विसरलेली सुपारी घ्यायला आत आले. सुपातून नजर न काढता ती त्यांना म्हणाली, "हातपाय बरे हायत आता. पण बीदरला तुम्ही सांजच्याला घरात बसत होता."

दाजींनी सुपारी खिशात टाकली. मग बाहेर गेले. मला वाटलं, कट्ट्यावर गेले. पण ते ओसरीवरची खुर्ची उचलून आत आले, तिच्यासमोर ठेवून बसले आणि कचेरीतलं काहीतरी सांगू लागले. काय सांगत होते ते आता आठवत नाही. अक्कानं हातातले तांदूळ तसेच धरून मान वर केली होती आणि ती हसली होती, तेवढं आठवतं.