तंबाखूच्या रकान्यातले ‘नाही’

एंडोस्कोपीचा अहवाल सर्जननी टेबलावरून माझ्या दिशेने फिरवला आणि एका ओळीखाली पेनाने रेघ मारली. ‘इसोफेजायटिस, ग्रेड ए’. जठरातले आम्ल वर येऊन अन्ननलिकेला सूज आली होती. चार पायऱ्यांपैकी ही सर्वांत सौम्य पायरी. शेजारच्या कागदावर बाकीचे आकडे होते. वय पंचेचाळीस, उंची १५६ सेंटिमीटर, वजन १०६ किलो, बीएमआय ४३.६. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ९.१. मधुमेह नऊ वर्षांचा.

“याला आम्ही मॉर्बिड ओबेसिटी म्हणतो,” ते म्हणाले. “आजार आहे हा. आळस नाही. गोळ्या, डाएट, चालणं, सगळं करून झालंय तुमचं. आता ऑपरेशन कोणतं, एवढंच ठरवायचंय.”

मी आणि माझे पती मिलिंद समोर बसलो होतो. डॉक्टरांनी अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन जठरे काढली.

पहिले स्लीव्ह. यात जठराचा मोठा भाग उभा कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. दुसरे बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला लहान पिशवी करतात आणि ती खालच्या आतड्याला थेट जोडतात. मधुमेहावर बायपासचा परिणाम सहसा जास्त चांगला. छातीतली जळजळ बायपासने कमी होते, स्लीव्हने कधीकधी वाढते.

“तुम्हाला साखरही आहे, जळजळही आहे. म्हणजे बायपास.” त्यांनी दुसऱ्या चित्रात जोडाच्या जागी ठिपका दिला. “एक धोका मात्र सांगतो. इथं अल्सर होऊ शकतो, जखम. तंबाखू घेणाऱ्यांना जास्त. म्हणून विचारतो. तंबाखू, सिगारेट, मिश्री?”

“नाही हो डॉक्टर,” मिलिंद हसत म्हणाला. “आमच्याकडे असलं काही नसतं.”

मी मान हलवली. डॉक्टरांनी रकान्यात ‘नाही’ लिहिले.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मिश्री लावली होती.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. ती कुटून पूड करतात आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावतात. पाचोडजवळच्या आमच्या गावात बायका ती सर्रास लावतात. मी एकोणिसाव्या वर्षी सुरू केली. शिकायला शहरात आले, एका मराठी दैनिकात उपसंपादक झाले, मिलिंदशी लग्न केले, तरी ती सुटली नाही. मिलिंदचे घर पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्यांचे. तिथे स्वयंपाकघरात वर्तमानपत्राची चर्चा होते. त्या घरात तोंड काळे करून बसणारी सून मला व्हायचे नव्हते. म्हणून लग्न झाल्यापासून दिवसातून दोनदा, न्हाणीघराची कडी लावून. दरवर्षी तंबाखूविरोधी दिनाचे पान आमच्याकडे मीच लावते. मथळेही मीच देते.

वजन लपत नव्हते. रिक्षावाला शेअर सीटवर मला घेताना मागे वळून बघायचा, ते सगळ्यांना दिसायचे. मिश्री लपत होती. त्यामुळे माझ्या शरीरातली तेवढीच एक गोष्ट माझ्या ताब्यात आहे असे मला वाटायचे.

संध्याकाळी आईला फोन केला. पूड तीच पाठवायची.

“आई, मिश्रीनं ऑपरेशनला धोका असतो का गं?”

“अगं, त्यात कसली आली तंबाखू? तव्यावर जाळून कोळसा केलेली. निस्ती राख हाय. माझ्या तोंडात पन्नास वर्षं हाय, मला काय झालंय?”

“डॉक्टर म्हणतात...”

“डागतरला काय कळतंय मिसरीतलं? त्यानं लावलीया का कधी?”

एका माणसाच्या सांगण्यावर मी आजवर बातमी छापायला सोडलेली नाही. ही सोडली. जळून गेलेल्या वस्तूत काही उरत नाही, असे मी स्वतःला दोन दिवस सांगितले. भाजल्याने निकोटिन जात नाही हे मला माहीत होते. तंबाखूविरोधी दिनाच्या पानात मी ते छापले होते.

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा टूडी एको. आहारतज्ज्ञ मुलीने तीन पानी फॉर्म दिला. तंबाखूच्या रकान्यात मी स्वतःच्या अक्षरात ‘नाही’ लिहिले. मग भूलतज्ज्ञांकडे गेले. भुलीआधी ते तोंड उघडून घसा बघतात.

“हिरड्या काळसर आहेत. चहा फार होतो का?”

“हो.”

“तंबाखू वगैरे?”

“नाही.”

या वेळी मिलिंद बाहेर होता. त्याच्यामुळे खोटे बोलावे लागले, ही सबबही राहिली नाही.

शस्त्रक्रियेची तारीख गुरुवारची मिळाली. त्याआधीच्या रविवारी रुग्णालयाच्या सभागृहात मेळावा होता. आधी ऑपरेशन झालेले लोक नव्या रुग्णांशी बोलतात. मिलिंदला काम होते, मी एकटी गेले. रुंद खुर्च्या ठेवल्या होत्या, हात नसलेल्या. इतक्या लठ्ठ माणसांत मी पहिल्यांदाच बसले होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हते.

तिसरा वक्ता करमाडचा होता, शेंद्र्यातल्या एका कंपनीत कामाला. त्याचा बायपास होऊन दीड वर्ष झाले होते. शर्ट सैल लोंबत होता.

“माझं बेचाळीस किलो गेलं,” तो म्हणाला. “अक्कल मात्र हाय तेवढीच राहिली. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? म्हणलं, सोडली. पुडी खिशात, अन्‌ हात पुडीवर.”

लोक हसले.

“ऑपरेशन झालं, वजन उतरलं, मग वाटलं आता काय होतंय. पुन्हा चालू. नऊ महिन्यांनी पोटात असं दुखायला लागलं की उभं राहता येईना. शी काळी डांबरासारखी. बायकोला म्हणलं, लोहाच्या गोळ्यांनी होतंय.”

“मला म्हणलं, तू जास्त शानी हायेस का डॉक्टरपेक्षा!” मागच्या रांगेतून त्याची बायको ओरडली. पुन्हा हशा.

“ती शानी निघाली. जोडाच्या जागी अल्सर, त्यातून रक्त. चार बाटल्या चढवल्या. तर मंडळी, वजनाची लाज वाटू देऊ नका. माझ्यासारखी खोट्याची वाटू द्या, अन्‌ ती आधी वाटू द्या. नंतर लई महाग पडती.”

तो खाली बसला. साठेक माणसांसमोर त्याने जे सांगितले ते मला एका बंद खोलीत सांगता आले नव्हते. मी उठून त्याच्याशी बोलायला हवे होते. मी चहा न घेता निघाले.

घरी येऊन सर्जनना मेसेज लिहिला. तीनदा खोडला. शेवटी पाठवला तो असा होता: ‘रुग्ण गेली सव्वीस वर्षे मिश्री लावते. दिवसातून दोनदा. तपासणीच्या वेळी ही माहिती दिली गेली नव्हती.’ कोणी दिली नव्हती, हे वाक्यात कुठेही नव्हते. आमच्या धंद्यात असे वाक्य अधिकारी लिहितात आणि आम्ही ते परत पाठवतो.

वीस मिनिटांनी उत्तर आले. ‘रुग्णाला उद्या अकरा वाजता पाठवा. एकटीला.’

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत. मला ते जड गेले.

“गुरुवारचं रद्द,” ते म्हणाले. “कोणतंही ऑपरेशन असो, आधी किमान सहा आठवडे मिश्री पूर्ण बंद. नंतर लघवीची कोटिनिन तपासणी. निकोटिनचं शरीरात जे होतं ते कोटिनिन. शेवटच्या वेळेनंतरही काही दिवस सापडतं.”

“आणि ऑपरेशन कोणतं?”

“कायमची सोडणार असाल तर बायपास. साखर आणि जळजळ, दोन्हींसाठी मी तोच सुचवेन. पण पुन्हा सुरू केलीत तर जोडाला जखम होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, भोकही पडू शकतं. स्लीव्हमध्ये तसा जोडच नाही. तंबाखू त्यालाही वाईटच. पण एखादी चूक तो जास्त सहन करेल. जळजळ राहील, कदाचित वाढेल, रोज गोळी लागेल. फारच वाढली तर पुढे त्याचा बायपास करता येतो.”

“तुम्ही ठरवा.”

“पोटाचं मी सांगितलं. सुटेल की नाही, ते तुम्ही सांगायचंय.” मग म्हणाले, “आणि घरी सांगा. उद्या पोटात कळ आली तर तुम्हाला इथं आणणारा माणूस अंधारात नको.”

त्याच दुपारी जेवणाच्या टेबलावर मिलिंदला सांगितले.

“मी डॉक्टरांना काय म्हणालो, आठवतंय?”

“हो.”

“आमच्याकडे असलं काही नसतं. तू शेजारी बसून मान हलवलीस.”

“हो.”

“आणि ती हिंगाची डबी? दर महिन्याला पाचोडहून मी आणायचो ती?”

“त्यात मिश्रीच असायची.”

“मला वाटायचंच, एवढं हिंग कोण खातं. ऑफिसात सांगायचो, सासूबाई हिंगाच्या बाबतीत फार सढळ.” तो हसला नाही. “मिश्रीचं मला काही नाही गं. माझी आजी तपकीर ओढायची. पण मला तुझा हमाल केलंस, आणि खोटा साक्षीदारही.”

हे दोन्ही खरे होते. मी माफी मागितली. तो ताट घेऊन उठला आणि त्या दिवसापासून कामापुरतेच बोलू लागला.

त्याच दिवशी मिश्री बंद केली. पहिल्या आठवड्यात डोके दुखायचे, शौचाला व्हायचे नाही, मथळ्यांत चुका जायच्या. दातांच्या डॉक्टरांनी तोंड तपासले. व्रण नव्हता, हिरड्या मात्र खराब होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून बरे वाटू लागले. डॉक्टरांना ‘बायपासच करू’ असे कळवूनही टाकले.

पाचव्या आठवड्यात चुलतबहिणीच्या हळदीला मिलिंदसोबत गावी गेले. सकाळी मागच्या अंगणात चुलत्या, मामी, आई मिश्रीने दात घासत बसल्या होत्या. कुणी आग्रह केला नाही. मामी एवढेच म्हणाली, “शहरात जाऊन बाई पांढऱ्या दाताची झाली.” सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मामीच्या तळहातावरची चिमूट उचलून दातांना लावली. विचार केला, मोह आवरला नाही, असे काही झालेच नाही. हात आपोआप गेला.

परतीच्या वाटेवर मिलिंदला सांगितले. त्याने गाडी बाजूला घेतली नाही, फक्त विचारले, “डॉक्टरांना कळवलंस?” मी तिथूनच फोन लावला.

“तपासणीच्या आधी सांगितलंत, हे बरं केलंत,” डॉक्टर म्हणाले. “सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून.”

त्या सहा आठवड्यांत मी निर्णय बदलला. तोवर दोन ऑपरेशनांची तुलना मी कागदावर करत होते, साखर किती उतरेल, जळजळ किती राहील. तुलनेत एक गोष्ट धरलीच नव्हती. पाचव्या आठवड्यात, सगळे माहीत असून, हसता हसता एका चिमटीसाठी हात पुढे करणारी बाई. ती मीच आहे आणि ऑपरेशन तिच्या पोटावर होणार आहे. हे कबूल करताना जेवढी लाज वाटली तेवढी वजनकाट्यावर कधी वाटली नव्हती.

कोटिनिन निगेटिव्ह आले. डॉक्टरांना म्हणाले, “स्लीव्ह करा. कायमची सोडेन असं लिहून द्यायला मी तयार आहे. पण माझ्या लिहिण्यावर विसंबून तुम्ही जोड देऊ नका.”

त्यांनी एंडोस्कोपीचा अहवाल पुन्हा बघितला. “शास्त्राप्रमाणे तुम्हाला बायपास थोडा उजवा होता. पण स्लीव्ह चूक नाही. जळजळीची वर्षाला तपासणी करू.”

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, पोटावर पाच लहान छेद. तीन दिवस रुग्णालयात, दोन आठवडे पातळ आहार, मग मऊ अन्न. पहिल्या महिन्यात अर्धी वाटी वरण संपवायला पाऊण तास लागायचा. मिलिंद समोर बसायचा. तेव्हा पुन्हा आम्ही कामाबाहेरचे बोलू लागलो.

अकरा महिने झाले. वजन ७९ किलो, एचबीएवनसी ६.३. मधुमेहाच्या तीनपैकी एक गोळी उरली आहे. जळजळ गेलेली नाही. रोज सकाळी उपाशीपोटी तिची गोळी घेते आणि झोपताना डोक्याखाली दोन उशा लागतात. बायपास केला असता तर कदाचित ही गोळी लागली नसती.

ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांना एवढेच सांगेन. पहिल्या भेटीत दहा मिनिटे एकट्याने आत जा. सोबत नवरा, बहीण, मुलगा कुणीही असो, त्याला बाहेर बसवा. कोणते ऑपरेशन हे विचारण्याआधी, काय लपवले आहे ते सांगून टाका. सर्जनचा सल्ला तुम्ही सांगितलेल्या माणसासाठी असतो, आणि मी तीन वेळा भलत्याच बाईची माहिती दिली होती. माझ्या डॉक्टरांची मी आभारी आहे. करमाडच्या त्या माणसाचीही आहे. त्याचे नाव मी विचारले नाही.

शस्त्रक्रियेनंतर मी चार वेळा मिश्री लावली. चारही वेळा त्याच दिवशी मिलिंदला आणि डॉक्टरांना सांगितले, आणि डॉक्टरांनी ते नोंदवले. ऑफिसातल्या मुली विचारतात, दोन्हींपैकी कोणते ऑपरेशन चांगले. ते मला अजूनही सांगता येत नाही. चार वेळा चुकणाऱ्या बाईसाठी कोणते, ते सांगता येते.