पाणवाडीचे पाचही परत आले

मथुराकाकी काठावरून हाक मारते तेव्हा खाडीपलीकडचे लोकसुद्धा ‘ओ’ देतात, असं आमच्याकडे म्हणतात. तारकर्लीच्या अलीकडे, कर्ली खाडीला लागून आमची पाणवाडी. तिथे काकी पर्यटकांसाठी खानावळ चालवते. सत्तरी ओलांडली तरी खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, स्वतः निवडते, माडांच्या आळ्यांत पाणी स्वतः सोडते आणि कुणी पाहुणा ताटात भात टाकून उठला तर त्याला परत खाली बसवते.

एकाहत्तर साली ती अठरा वर्षांची होती. वैशाखात लग्न झालं. नवरा गुरुदास नौदलात, जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला. पावसाळा सरायच्या आत तो बोटीवर परतला आणि डिसेंबरात लढाई लागली. पाणवाडीतले पाच जण तेव्हा नौदलात होते.

किनाऱ्यावर अंधार पाळायचा हुकूम होता. त्या पाच घरांतल्या बायका रोज दिवेलागणीला काकीच्या घरी जमायच्या. कंदिलाला काळं फडकं गुंडाळलेलं. हातांना काम हवं म्हणून माडाच्या चुडतांची, म्हणजे झावळ्यांची, छपरावर घालायची झापं विणत बसायच्या. दिसत काहीच नसे. सकाळी उजेडात बघावं तर एकही झाप सरळ नाही. मग रात्रभर दाबून धरलेली भीती विसरून सगळ्या त्या वाकड्या झापांकडे बघून हसायच्या.

लढाई संपली, पण माणसं लगेच आली नाहीत. शिमग्याच्या सुमाराला एक दिवस सुकतीच्या वेळी, ओहोटीने पाणी हटल्यावर, काकी गुडघाभर चिखलात तिसऱ्या काढत होती. काठावरून कुणीतरी ओरडलं, “मथुरे, तुझो घोव इलो गो!” तिने वर पाहिलं. गुरुदास पांढऱ्या गणवेशात, बुटांसकट चिखलात उतरला होता आणि चार पावलांत रुतून बसला होता. लढाईतून सुखरूप आलेल्या नवऱ्याला शेवटी तिनेच हाताला धरून बाहेर ओढलं. मागाहून उरलेले चौघेही आले.

चार वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने ठरवलं की एकाहत्तरच्या लढाईचं स्मारक आपल्या वाडीत उभारायचं. सरपंच नम्रता हिने देवळासमोर सभा बोलावली. मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाचा दीपेश चित्र काढून घेऊन आला होता. दगडी चौथरा, त्यावर उलटी रोवलेली बंदूक आणि बंदुकीवर शिरस्त्राण. चित्र खरंच देखणं होतं.

“आता शहिदांची नावं सांगा,” दीपेश म्हणाला.

नम्रता म्हणाली, “आपल्या वाडीतला कुणीच शहीद झाला नाही. पाच गेले, पाचही परत आले.”

दीपेशचा चेहरा पडला. “मग स्मारक कसला उभारतलास?”

मागच्या रांगेतून काकी उठली. “कोण मेलो नाय, ह्यो काय आमचो गुन्हो झालो? अरे, परत इले म्हणानच उभारूचा! मरणाची आठवण ठेवतत, मगे जगल्याची कित्याक ठेवूची नाय?”

सभेत आधी हसू पिकलं आणि मग टाळ्या पडल्या. पहिली टाळी दीपेशचीच होती. बंदूक रद्द झाली. खाडीकाठी, जिथे होड्या लागतात तिथे, जांभ्या दगडाचा ऐसपैस कट्टा बांधायचा, मधोमध जहाजाचा नांगर ठेवायचा आणि पाच जणांची नावं कोरायची असं ठरलं.

अडलं ते घरातच. गुरुदासकाका नाव द्यायला तयार होईनात. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते.

“माझा नाव दगडार नको,” ते म्हणाले.

“जित्या माणसाचा नाव कोरूक भियतास?” काकीने विचारलं.

काकांनी अडकित्त्यात नवी सुपारी धरली. मग म्हणाले, “वर्गीस इलो नाय गो. माझ्या बाजूक झोपायचो तो. त्याची बदली दुसऱ्या बोटीर झाली आणि ती बोट बुडाली. त्याच्या गावाक कोणीतरी वाट बघीत रवला असतला. आणि मी हय माझा नाव मिरवू?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वर्गीस हे नाव काकीने पहिल्यांदाच ऐकलं. ती नवऱ्याशेजारी टेकली. नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “मगे त्याकाय दगडार घेवया,” ती म्हणाली. “आमचे पाच इले ता खरा, पण जे इले नाय त्यांच्यामुळे इले. ताच लिवूया.”

काकांनी अडकित्ता खाली ठेवला आणि मान डोलावली.

सोळा डिसेंबरला, लढाई जिंकल्याच्या दिवशी, उन्हं उतरल्यावर कट्ट्याचा कार्यक्रम झाला. पाचांपैकी तिघे वयोमानाने गेले होते. गुरुदासकाका आणि बाबली तांडेल, दोघेच उरलेले. काकांचा जुना कोट पोटावर लागेना, म्हणून काकीने वरून शाल घातली. पण पदकं दिसायला हवीत म्हणून काकी ती शाल सारखी बाजूला सारत होती. बाबलीआजोबांना ऐकू कमी येतं. शाळेच्या मुलांचा बँड सुरू व्हायच्या आधीच त्यांनी सलामी ठोकली आणि बँड थांबल्यावरही हात खाली घेतला नाही. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त नौदल अधिकारी शांतपणे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनीही तेवढाच वेळ हात कपाळाला लावून धरला.

नम्रताने दगडावरचा पडदा काढला. पाच नावं होती. त्यांच्या खाली लिहिलं होतं: ‘इथून पाच गेले, पाचही परत आले. जे परतले नाहीत, त्यांच्यामुळे.’ आणि त्याखाली एकच नाव, वर्गीस.

काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माईक हातात घेतला, दगडाकडे पाहिलं, “बरा झाला,” एवढंच म्हणाले आणि माईक काकीकडे दिला.

काकीने माईक बाजूला ठेवला. तिला त्याची गरज नव्हती. “भाषाण पुरे! बायकांनो, पदर खोचा!” असं म्हणून तिने बाबलीआजोबांच्या बायकोचे, आनंदीबाईंचे, हात धरले. दोघी त्या कंदिलाभोवतीच्या मैत्रिणी. कट्ट्यासमोरच्या वाळूत त्यांनी फुगडी घातली. आधी जपून, मग भरभर. अंबाडे सुटले, पोरं ओरडू लागली, दीपेश ढोल मागून घेऊन बडवायला लागला. अधिकारीसाहेब टोपी काखेत धरून टाळ्या वाजवत होते. दम लागल्यावर दोघी कट्ट्यावर बसल्या आणि हसता हसता काकीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते तिने पुसलंही नाही.

मग नारळाच्या रसातल्या शेवया आल्या. पंगत कट्ट्याभोवतीच बसली आणि काका वाढायला उभे राहिले.

आता आमच्याकडे दर डिसेंबरात हा सण होतो. गेल्या वर्षी पलीकडच्या काठावरचे लोकही होड्या भरभरून आले. शेवया कमी पडल्या तेव्हा काकीने चूल पुन्हा पेटवली.