दुसऱ्याचा ‘मी’

दुभाष्याचं काम म्हणजे परक्याच्या तोंडचं आपल्या तोंडी घ्यायचं. गल्लीतला दुभाषा हे काम परदेशी फौजेच्या छावणीत करायचा आणि गल्ली त्याला कौतुकाने पोपट म्हणायची. आधी तो हॉटेलच्या काउंटरवर बसायचा. परदेशी पाहुण्यांशी बोलून बोलून त्यांची भाषा जिभेवर बसली. मग लढाई झाली, पाहुणे पळाले, हॉटेलचं छप्पर उडालं, आणि तीच भाषा बोलणारे दुसरे लोक बंदुका घेऊन आले. पोट काही लढाई संपायची वाट बघत नाही. तो छावणीत गेला.

छावणीच्या साहेबाने त्याला पहिल्याच दिवशी कामाची रीत घालून दिली. ‘हा म्हणतो, तो म्हणतो’ करायचं नाही. शिपाई ‘मी’ म्हणाला की तूही ‘मी’च म्हणायचंस, मध्ये तू नाहीसच असं समज. दुभाष्याने ती रीत अंगी मुरवली. पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून तो म्हणायचा, “मी तुम्हाला नवी पाइपलाइन टाकून देतो,” आणि म्हातारे म्हणायचे, “आधी स्वतःच्या घरची मोरी तुंबलीय ती बघ.” सगळे हसायचे. तोही हसायचा.

फौज शाळेच्या पटांगणात औषधं वाटायची. डॉक्टर आत तंबूत तपासायचा आणि बाहेर टेबलावर बाटल्या द्यायला एक ताडमाड हवालदार असायचा. वस्तीने त्याचं नाव लंबू ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. पोरांना खांद्यावर घ्यायचा, म्हाताऱ्यांना स्वतःची खुर्ची द्यायचा. पण त्याच्या डोक्यात एक भुंगा होता: या लोकांचा देव खोटा, आपला खरा, आणि आपल्याला इथे धाडलंय ते सरकारने नव्हे, देवानेच. असल्या भल्या माणसांची जास्त धास्ती घ्यावी. लुच्च्याला निदान ठाऊक असतं आपण काय करतोय ते.

सुरुवात पुस्तिकांनी झाली. प्रत्येक बाटलीबरोबर एक. भाषा वस्तीचीच, पण लिहिणारा कुणी परका, त्यामुळे पहिल्या ओळीपासून अरे-तुरे. ‘तू पापी आहेस. तू वाट चुकलास.’ सत्तरी ओलांडलेले सुतारबाबा भडकले. “माझ्या बापाने कधी मला पापी म्हटलं नाही, आणि हा चार आण्याचा कागद मला अरे-तुरे करतो?” पुस्तिका शेगडी पेटवायला गेल्या. तिथवर ठीक होतं.

मग लंबू स्वतः बोलायला लागला. गवंड्याची सून लेकराला घेऊन आली. तिचं माहेर दुभाष्याच्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे ती त्याला भाऊ म्हणायची. नवरा लढाईत गेलेला, पोर तापाने फणफणलेलं. डॉक्टरने औषध लिहून दिलं होतं. लंबूने बाटली उचलली, पण दिली नाही. ती हातात धरूनच तो बोलू लागला, आणि दुभाषा सवयीने बोलत गेला, “मीही तुझ्यासारखाच अंधारात होतो. मी खोटे देव सोडले. तूही सोड. माझ्या देवाला हो म्हण, तो तुझ्या लेकराला बरं करील.”

बाई लंबूकडे बघतच नव्हती. ती दुभाष्याकडे बघत होती.

“भाऊ, तुम्हीसुद्धा?”

“अगं मी नाही, हा...”

“काय म्हणते ती?” लंबूने मध्येच विचारलं.

तिने बाटलीकडे पाहिलं. “हो म्हणते, सांगा त्याला. द्या ती.”

लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरंखुरं. बाटली देऊन तो दुभाष्याला म्हणाला, “पुढच्या वेळी हिला सगळ्यांसमोर उभी करू. हिच्या तोंडून लोकांना ऐकू दे.”

दुभाष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात औषध, कमरेला पिस्तूल, आणि म्हणे मनापासून हो म्हण. अशा जागी नाही म्हणायची कुणाची टाप आहे? शिवाय लंबू उद्या विमानात बसून आपल्या घरी जाणार. ही बाई कुठे जाणार? सासरा जमदग्नी. भर पटांगणात सुनेने देव सोडला म्हटलं, की संध्याकाळच्या आत तिचं बोचकं रस्त्यावर पडणार.

घरी आईने त्याला ताट वाढलं, पण रोजच्यासारखी समोर बसली नाही. “वस्तीत म्हणतात, तू देव विकायला बसलायस,” एवढंच बोलली. ‘मी’ त्याच्या तोंडून निघाला होता ना, मग तो कुणाचा हे कोण विचारतो?

पुढच्या खेपेला पटांगण भरलं. लंबूने बाईला पुढे घेतलं, हात उंचावला आणि म्हणाला, “मला आज फार आनंद झालाय. या बहिणीने माझा देव स्वीकारलाय.” मग तो दुभाष्याकडे वळला.

“हा हवालदार म्हणतो, त्याला आनंद झालाय,” दुभाषा म्हणाला. “आता मी म्हणतो ते ऐका. हिचं पोर आजारी आहे. हिने फक्त औषधाला हो म्हटलंय. वाट द्या तिला.” तेच त्याने लंबूला त्याच्या भाषेत ऐकवलं आणि वर पदरचं घातलं, “बाटली अडवून हो म्हणवून घ्यायचं, याला तुमच्याकडे काय म्हणतात कोण जाणे. आमच्याकडे निर्लज्जपणा म्हणतात.”

तक्रार साहेबापुढे गेली. साहेबाने शांतपणे समजावलं, “परक्या देशात शिपायांनी धर्मप्रचार करायचा नाही, असा आमचा सक्त नियम आहे. म्हणजे तसं इथे घडत नाही. जे घडतच नाही त्याची चौकशी कशी करू? चुकीचं भाषांतर मात्र घडलंय.” आणि दुभाष्याचं ओळखपत्र काढून घेतलं. लंबू टेबलावर कायम. चोर सोडून संन्याशाला फाशी.

वस्तीत वाहवा झाली. सुतारबाबांनी पाठ थोपटली, आई ताट वाढून पुन्हा समोर बसू लागली. मग एका सकाळी गवंड्याची सून दारात आली. पोर कडेवर, अंग पुन्हा तापलेलं.

“भाऊ, बाटली संपली.”

वस्तीतलं औषधाचं दुकान लढाईपासून बंदच होतं.

“नवा दुभाषा आलाय,” ती म्हणाली. “खड्या आवाजात बोलतो, सगळ्या रांगेला ऐकू जातं. म्हणून तुमच्याकडे आले. ‘तुमचा देव मला मान्य आहे’ हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात ते शिकवा. लंबूने तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकते. रांगेतल्या कुणाला कळायचं नाही.”

एवढं भांडून, नोकरी घालवून शेवटी लंबूचंच वाक्य आपण हिला पढवायचं? पण कडेवरचं पोर कण्हलं. त्याने वाक्य सांगितलं. तिने ते तोंडात घोळवलं, दोनदा अडखळली आणि मग बिनचूक म्हणाली.

“आणि ‘मला मान्य नाही’ कसं म्हणतात, तेही सांगू?” त्याने विचारलं.

“आत्ता नको.” तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. “हा बरा होऊ दे. मग शिकवा, आणि चांगलं ओरडून म्हणायला शिकवा.”