नवी लाईन म्हणजे जुनी

दुपारचे तीन वाजलेत. जयमाला ठोंबरे फरशीवर चटई टाकून आडवी झालीय, आणि तिच्या अंगात झोप आणि संताप दोन्ही एकदमच चढतायत. खरं तर आधी संतापाचा मान. पण सकाळपाळीचे सात तास कानाला हेडफोन लावून बसलेलं शरीर असला मानपान बघत नाही.

ती शहर पोलिसांच्या नियंत्रण कक्षात हवालदार आहे. माणसं घाबरून पोलिसांना फोन लावतात तेव्हा पलीकडून 'पत्ता सांगा' म्हणणारा जो आवाज येतो, तो तिचा. पत्ता ऐकायचा, संगणकाच्या यादीतून जागा निवडायची, जवळची गाडी पाठवायची. काम एवढंच. एवढ्याशा कामात कुणी जगतं आणि कुणी मरतं.

चटईवर दोन प्रकारचे कागद पडलेत. उजवीकडे जबाब. साहेबांची कागदपत्रं बघणारा रीडर पाटोळे यानं तो टाइप करून आणला आणि म्हणाला, "पाच वाजेपर्यंत सही करून द्या मॅडम. मी सगळं सांभाळून घेतलंय." कुणाला सांभाळून घेतलंय ते तिसऱ्या ओळीत दिसतं: 'कॉलरने घाबरून चुकीचा पत्ता दिल्यामुळे वाहन बावीस मिनिटे विलंबाने पोहोचले.'

ही कॉलर म्हणजे इंदूकाकू. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी, त्यांचे यजमान छातीला हात लावून स्वयंपाकघराच्या दारात खाली बसले. यजमान म्हणजे खैरमोडे नाना, त्याच नियंत्रण कक्षातले सव्वीस वर्षांचे जुने हवालदार, जयमालाच्या शेजारच्या खुर्चीवरचे, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. काकूंनी दुसरीकडे कुठे नाही, नवऱ्याच्या खात्यालाच फोन लावला. तो जयमालानंच उचलला. गाडी पोहोचेपर्यंत नाना गेले.

डावीकडचे कागद नानांचे आहेत. आज दोनला पाळी सुटली तेव्हा काकू फाटकाशी उभ्या होत्या. "ह्यांच्या कपाटात होते. तुमच्या ऑफिसचे दिसतात," म्हणून त्यांनी पिशवी पुढे केली, आणि मग खाली बघत विचारलं, "जयमाला, मी पत्ता चुकीचा सांगितला का गं? आमच्या पोलीस लाईनीत सगळे तेच म्हणतायत."

"बघते काकू," जयमाला म्हणाली. बघते! त्या उत्तराची तिला आता स्वतःलाच शिसारी येतेय.

कागद तिनं पिशवीतून काढलेत, पण वाचायचा धीर होत नाही. त्यांच्यावरच हात टाकून ती डोळे मिटते. घामानं हात ओला झालाय. पंखा घरघरतो, घरघरीची वायरलेसची खरखर होते, आणि त्या खरखरीतून कुणीतरी म्हणतं, "ऐकतीयस का झोपलीस?"

"ऐकतेय नाना," ती सवयीनं म्हणते.

नाना शेजारच्या खुर्चीवर बसलेत. कानावर नेहमीची पेन्सिल, अंगात बनियन. नियंत्रण कक्षच आहे, पण फरशी जयमालाच्या घरची आहे, आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशाच्या जागी दोऱ्या बांधून कुणीतरी वाळत घातलंय. काय घातलंय ते नीट दिसत नाही.

"नाना, तुम्ही बनियनवर आलात?"

"मग काय गणवेश घालून मरायचं होतं? सुट्टी होती माझी. बनियनवर गेलो, बनियनवर नेला, मेल्याचं लिहून घेतलं तेबी बनियनवर. सव्वीस वर्षं इस्त्री मोडू दिली न्हाई, आन् शेवटाला ही शोभा." नाना टेबलावर हात आपटतात. "ते राहू दे. तिसरी ओळ वाच."

जयमाला वाचते. 'कॉलरने घाबरून' एवढं तोंडातून बाहेर पडतं न पडतं तोच नाना खुर्चीतून उठतात.

"कॉलर? कॉलर शर्टाला असती! बाईला नाव असतं. इंदुमती दिगंबर खैरमोडे. लग्न होऊन आली तवापासनं त्या लाईनीत राहतीय, आन् तिला सोताच्या घराचा पत्ता सांगता येत न्हाई? असं म्हणायचंय त्या पाटोळ्याला?"

"त्याला काही म्हणायचं नाही नाना. त्याला फाईल बंद करायचीय."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," नाना म्हणतात, आणि दार उघडतात.

दारापलीकडे कॉरिडॉर असायला हवा. तिथं गाडी उभी आहे. दोघं मागे बसतात. गाडी कोण चालवतंय ते जयमाला बघत नाही, कारण तिला कळून चुकलंय की ही त्या रविवारची गाडी आहे.

आता हा लाईनीचा घोळ सांगायलाच हवा, कारण तो पोलिसांशिवाय दुसऱ्या कुणाला जमला नसता. शहरात पोलिसांच्या दोन वसाहती. एक दगडी, इंग्रजांच्या काळातली, तिला जुनी लाईन म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी नदीपलीकडे चार मजली इमारती उठल्या, ती नवी लाईन. पुढे दगडी घरं पाडून त्या जागी चौदा मजली टॉवर झाले, आणि नदीपलीकडच्या इमारतींना तडे जाऊन गच्चीवर पिंपळ उगवले. तरी टॉवरवाल्यांना लोक जुन्या लाईनीतले म्हणतात आणि पिंपळवाल्यांना नव्या. बारशाला ठेवलेलं नाव माणूस म्हातारा झाला म्हणून कुणी बदलतं का? पण संगणकात शहर भरायला बाहेरची मुलं आली. त्यांनी कुणाला विचारलं नाही. चकचकीत दिसली तिला नवी म्हटलं, पडकी दिसली तिला जुनी.

गाडी टॉवरपाशी थांबते. रखवालदार वही पुढे करतो. "कुणाकडे? नाव लिहा. वेळ लिहा."

"माणूस मरायला लागलाय," जयमाला ओरडते.

"वेळ लिहा," रखवालदार म्हणतो.

चार नंबरचा टॉवर, तिसरा मजला. लिफ्टचं दार उघडतं. घरांच्या दारांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. या मजल्यावर राहायला कुणी आलेलंच नाही. रिकाम्या दिवाणखान्यात जमिनीवर एक फोन वाजतोय. जयमाला उचलते. नको वाटतं तरी उचलते.

"नवी लाईन, चार नंबर, तिसरा मजला," इंदूकाकूंचा आवाज येतो. धाप लागलीय, पण एकही शब्द इकडचा तिकडे नाही. "नवी लाईन, चार नंबर, तिसरा मजला. जयमाला, तूच आहेस ना? मग बरं झालं."

मग बरं झालं. जयमालाला हे ऐकून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

नाना खिडकीच्या कठड्यावर बसलेत. खालून नदी वाहतेय आणि पलीकडे त्यांच्या घराची खिडकी दिसतेय, हात लांबवला तर लागेल एवढ्या जवळ.

"तुला ठाऊक होतं का न्हाई? नवी म्हणजे जुनी?"

"होतं."

"मग?"

"तुम्ही ओरडायचात नाना." तिचा आवाज चिरकतो. "लाईनीचा कॉल आला की शेजारून तुम्हीच ओरडायचात, 'ती नवी म्हणजे जुनी गं!' मी बटण दाबायच्या आत ओरडायचात. त्या दिवशी शेजारून कुणी ओरडलंच नाही. यादीत 'नवी पोलीस लाईन' दिसलं आणि मी दाबलं."

नाना नदीपलीकडच्या आपल्या खिडकीकडे बघतात. मग हळूच म्हणतात, "मी कसा ओरडणार? मी खाली पडलेलो."

जयमालाला रडू येतं, पण नानांना रडण्याचं कौतुक नाही. ते तिला दंडाला धरून उठवतात आणि जिना चढायला लावतात. जिना टॉवरचा नाही. कठडा मोडलेला, भिंतीला पिंपळ, म्हणजे नदीपलीकडचाच. वर गच्चीवर दोऱ्या बांधल्यात, आणि आता कुठे जयमालाला दिसतं की वाळत घातलेत ते अर्ज आहेत. चिमटे लावलेत, कडेनं शाई ठिबकतेय.

"एकदा न्हाई, तीनदा लिवलं," नाना एकेक कागद ओढत सांगतात. "पहिल्यांदा लिवलं, दोन्ही लाईनींची नावं संगणकात उलटी पडल्यात. शिक्का. दुसऱ्यांदा नकाशा काढून दिला, पेन्सिलीनं. शिक्का. तिसऱ्यांदा सोता घेऊन गेलो. तिथल्या बाबूनं वाचलंबी न्हाई, शाईबी वाळू दिली न्हाई. धपकन शिक्का." ते तिसरा कागद तिच्या तोंडासमोर धरतात. जांभळ्या ओल्या अक्षरात लिहिलंय: दप्तरी दाखल.

"म्हणजे काय केलं?" नाना विचारतात.

"काही केलं नाही."

"आन् ते सांगायला केवढा शिक्का बनवलाय बघ! मी मेलो त्याचा राग न्हाई मला. आज ना उद्या जायचंच होतं, बिड्या काय कमी ओढल्या? पर माझं बरोबर असलेलं दप्तरात गेलं आन् तिचं बरोबर असलेलं जबाबात चुकीचं झालं. ती रोज रातीला पत्ता पाठ म्हणती, माहितीय तुला? नवी लाईन, चार नंबर. लहान पोरागत. कुठं चुकलं ते शोधती."

"सही नाही केली तर मला निलंबित करतील, नाना."

तिला वाटतं, नाना म्हणतील, नाही गं, असं कसं करतील. इतकी वर्षं शेजारी बसलेला माणूस एवढं तर म्हणेल.

"करतील की," नाना म्हणतात. "आन् केलीस तर?"

केली तर काय होईल ते जयमालाला दिसतंय. काकू मरेपर्यंत पत्ता पाठ म्हणतील.

"पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?" नाना तो ओला अर्ज तिच्या हातावर दाबून धरतात. पकड घट्ट आहे, दुखतेय. "पत्ता नुसता ऐकायचा न्हाई..."

"परत म्हणायचा."

"मग म्हण की! मोठ्यानं म्हण."

ती तोंड उघडते. पंखा घरघरतो. नानांच्या कानावरची पेन्सिल घरंगळते आणि खाली पडतच राहते.

चार वाजून दहा मिनिटं झालीत. जयमाला चटईवर उठून बसते. डाव्या हाताच्या कोपराखाली काहीतरी जांभळं लागलंय. थुंकी लावून पुसणार तोच तिला त्यात अक्षरं दिसतात, उलटी. ती उठते, कपाटाच्या आरशासमोर हात धरते. आरशात ती सरळ होतात. दप्तरी दाखल.

घामानं ओल्या हाताखाली कागद होता, त्याचा शिक्का उठला, दुसरं काय. तिलाही ते कळतं. ती खाली बसते आणि आत्तापर्यंत न वाचलेले कागद वाचते. अर्ज तीन आहेत. दुसऱ्याला पेन्सिलीनं काढलेला नकाशा टाचलाय. तिसऱ्याचा शिक्का हाताखाली फिस्कटलाय, आणि शेवटच्या ओळीत नानांचं ठसठशीत अक्षर आहे: 'वेळीच दुरुस्ती न झाल्यास एखाद्याच्या जिवावर बेतेल, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.'

नम्रपणे! जयमाला तो शब्द दोनदा वाचते आणि तिचं डोकं फिरतं. जबाब पुढे ओढून ती तिसरी ओळ खोडते, कागद फाटेल एवढ्या जोरानं. खाली हातानं लिहिते: 'श्रीमती इंदुमती दिगंबर खैरमोडे यांनी पत्ता अचूक सांगितला. यादीतील नावे उलटी असल्याचे मला माहीत होते, तरी मी खात्री केली नाही. ही माझी चूक. ती नावे उलटी असल्याचे कार्यालयाला तीन वेळा लेखी कळवले होते. अर्ज सोबत जोडले आहेत.' मग सही करते.

पाचला अजून अर्धा तास आहे. ती फोन लावते.

"काकू, मी जयमाला. त्या दिवशी तुम्ही सांगितलेला पत्ता परत म्हणते. नवी लाईन, चार नंबर, तिसरा मजला. बरोबर?"

पलीकडून उत्तर येत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. नियमाप्रमाणे दहा सेकंद कुणी बोललं नाही तर कॉल बंद करायचा असतो. जयमाला धरून ठेवते.

"बरोबर," काकू म्हणतात.

"तुमचं बरोबरच होतं काकू. गाडी आम्ही चुकवली. मी चुकवली. लाईनीत जो विचारेल त्याला सांगा, जयमालानं लिहून दिलंय म्हणावं."

काकू मग रडतात. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच असं रडतायत, ते जयमालाला न सांगता कळतं.

फोन ठेवल्यावर ती अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट चढवते, कागद एकत्र टाचते आणि बेसिनपाशी जाऊन तोंड धुते. साबण तिथंच आहे. शिक्का उठलेला हात मात्र ती धूत नाही.