टीव्हीवरचा डोंगर

जिद्द असेल तर माणूस अर्ध्या श्वासावरही शिखर गाठतो. अकोल्यातल्या ज्या दवाखान्यात मी जायचो, तिथल्या भिंतीवर हे सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. मी ते शिखर एक दिवसाआड गाठत असे, टीव्हीसमोर उभा राहून. फुप्फुसं कायमची थकलेल्या आम्हा लोकांना व्यायामाचा कंटाळा येऊ नये म्हणून तो खेळ होता. आपण जागच्या जागी पावलं टाकायची, हात वर न्यायचे. पडद्यावरचा लाल टोपीवाला डोंगर चढायचा.

मला डोंगराशी देणंघेणं नव्हतं, घरचा जिना चढायचा होता. वर माझी पुस्तकांची खोली. धाप लागायला लागल्यापासून मी खाली झोपत होतो, आणि मुलाने सांगून ठेवलं होतं, "बाबा, दिवाळीपर्यंत जिना चढलात तर खोली तुमची. नाहीतर भाड्याने देऊ."

दिवाळीच्या तोंडावर, एकदाही न हरता शिखर गाठल्याबद्दल दवाखान्याने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. समईशेजारी कुणीतरी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला, त्यामुळे पाहुण्यांचं भाषण आणि आमचा खोकला अशी जुगलबंदी रंगली. मुलगा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता.

त्याच संध्याकाळी मी जिना चढायला गेलो. मधल्या वळणावर खाली बसलो. मुलाने दंडाला धरून उतरवलं.

पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं, तर त्या ओशाळल्या. "काका, तुमचा खेळ सगळ्यात सोप्या लेव्हलवर होता. तुमच्या मुलानेच सांगितलं होतं, बाबांना हरू देऊ नका."

शेजारी बार्शीटाकळीचे चाचा बसले होते. कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या धुळीने त्यांची छाती गेलेली.

"चाचा, तुमाले माहीत होतं?"

"हाव ना सर. तुमी निस्ता हात हलवला तरी तुमचा गडी पहाड चढून राहिला होता. मायावाला तर अर्ध्यातच बसे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"इतके खुश दिसत होते तुमी. आपल्यासारख्याले खुशी का रोज भेटते?"

मुलाने हे प्रेमापोटीच केलं, असं घरात सगळे म्हणतात. अट त्यानेच घातली आणि तयारीही त्यानेच कच्ची ठेवली, हे कुणी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. भांडायलाही श्वास लागतो.

वर आता बँकेतला एक तरुण राहतो. एकेक पायरी गाळत चढतो.