डाव्या बाजूची रांग

पाववालीला राग यायला फार काही लागत नाही, हे तिच्या बेकरीतला भट्टीवालाही सांगेल. पण गेली तीन वर्षं दर रविवारी ती जो राग गिळत आली होती, तो शंभर टक्के रास्त होता. तो काढायची मात्र सोय नव्हती. कारण तो यायचा तेव्हा तिच्या हातात ख्रिस्तप्रसादाचं पात्र असायचं.

अकरा वर्षं ती चर्चमध्ये कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, वाटायची सेवा करत होती. पगार नाही, भत्ता नाही, मागितलाही नाही. रविवारी पहाटे चारला बेकरीत जायचं, मैदा मळायचा, पाव वळायचे, भट्टीत लावून झाले की नखं घासून घासून हात धुवायचे आणि आठच्या मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, वेदीशी हजर व्हायचं. फादर मधल्या वाटेवर उभे राहत, ती डाव्या बाजूला. समोर येईल त्याला पवित्र भाकर दाखवायची, ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणायचं, त्याच्या ‘आमेन’साठी थांबायचं आणि तळहातावर ठेवायची. एवढंच काम. पण त्या कामासाठी ती आठवडाभर स्वतःला नीट ठेवायची, शिव्यासुद्धा शनिवारी दुपारीच बंद व्हायच्या.

मग तिच्या हातांवर कोड उठलं. आधी बोटांच्या पेरांवर, मग मनगटापर्यंत. बेकरीत ती म्हणाली, “पिठात हात घातले की सगळेच कोडाचे,” आणि सगळे हसून कामाला लागले. चर्चमध्ये कुणी हसलं नाही. नुसती डावी रांग आखडत गेली. डाव्या बाकांवरची माणसं उठायची, दोन पावलं तिच्याकडे टाकायची आणि एकदम काही आठवल्यासारखी फादरांच्या रांगेत शिरायची. फादरांच्या पुढे चाळीस माणसं, हिच्या पुढे चार. ही पात्र धरून उभी. आणि मिस्सा सुटल्यावर हीच माणसं बेकरीच्या काउंटरवर! तिच्याच हातचे पाव, गरम आहेत ना, म्हणून बोटांनी दाबून बघणार. देवाची भाकर चालत नाही आणि नाश्त्याची चालते, हा कुठला न्याय?

चर्च कमिटीचे अध्यक्ष औषधांचं दुकान चालवत. कोड लागत नाही हे ज्या माणसाला सगळ्यात आधी माहीत असायला हवं, त्यानेच तिच्याकडे डॉक्टरचा दाखला मागितला. तिने आणला. औषधवाल्यांनी तो दोन बोटांनी कोपऱ्याला धरून वाचला आणि म्हणाले, “तसं माझं काही नाही हो, पण लोकांचं मन... तुम्ही हातमोजे घाला की.”

“हातमोजे घालून द्यायला मी काय विष वाटते?” पाववाली म्हणाली.

“मग आजाऱ्यांच्या घरी जा कम्युनियन घेऊन. तीही सेवाच.”

“म्हणजे धडधाकटांना माझा हात चालत नाही, आजाऱ्यांना चालतो?”

फादर बाजूलाच उभे होते. स्वभावाने मऊ माणूस. ते म्हणाले, “बघू या, बघू या,” आणि नेहमीप्रमाणे काही बघितलं नाही. शेवटी ठरलं की येत्या रविवारी मिस्सानंतर कमिटी बसेल आणि तिला ठेवायचं की ‘विश्रांती द्यायची’ ते ठरवेल.

हेही तिने सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते तिच्या धाकट्या बहिणीचं. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. पाववाली सतरा वर्षांची. शाळा सोडून बेकरीत लागली ती या पोरीसाठी. तिची वेणी घातली, तिला शिकवलं, चष्म्याच्या मोठ्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली तेव्हा स्वतःच्या पैशाने चार चांगले पोशाख शिवून दिले. आणि सहा महिन्यांपासून ती धाकटी, डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसणारी, उठून सरळ फादरांच्या रांगेत जात होती. परक्यांनी केलं तर ते परके. हिला काय झालं? पाववालीने विचारलं नाही. विचारलं असतं तर हात उचलला गेला असता.

त्या रविवारी फादर उजवा हात प्लास्टरमध्ये घालून वेदीवर आले. न्हाणीघरात पाय घसरला होता. प्रसाद वाटायला अधूनमधून मदत करणारे शाळेचे मास्तर मुलीकडे परगावी गेलेले. प्रसादाची वेळ झाली तशी फादरांनी पात्र पाववालीच्या हातात दिलं आणि माइकवर म्हणाले, “आज एकच रांग.”

ती मधल्या वाटेवर जाऊन उभी राहिली. कुणी उठेना. गायकांचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. पहिल्या बाकावर औषधवाले डोळे मिटून बसले, जणू त्यांची देवाशी थेट ओळख आहे. बसा, तिने मनात म्हटलं, जन्मभर बसा उपाशी, मी इथून हलत नाही.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून धाकटी उठली.

आली तशी पाववालीचा राग उलट भडकलाच. आज दुसरी रांग नाही म्हणून आठवली का बहीण? तिने भाकर उचलली. “ख्रिस्ताचं शरीर.”

“आमेन,” धाकटी म्हणाली आणि हात पुढे केले.

हात उलटे होते. अकरा वर्षांत हजारो तळहात बघितलेल्या बाईला ते कळायला क्षणही लागला नाही. सगळे डावा हात वर ठेवतात, म्हणजे उजव्याने उचलून तोंडात घालता येतं. धाकटीचा उजवा वर होता, डावा त्याच्याखाली दडवलेला, बाही पार बोटांपर्यंत ओढलेली. पाववालीने भाकर ठेवली. आता ती उचलायला डावा हात बाहेर येणं भाग होतं. तो आला. अंगठ्याच्या बुडाशी पावडरीचा थर घामाने फुटला होता आणि त्याखाली पांढरा डाग होता.

धाकटी तोंडात भाकर घालून निघून गेली. तिच्यामागे एक म्हातारी आली, मग दोन, मग बरेच आले. सगळे नाही. औषधवाले नाहीच. पाववालीने प्रत्येकाला दिलं, पण कुणाला दिलं ते तिला सांगता आलं नसतं.

मिस्सा सुटल्यावर तिने धाकटीला वेदीमागच्या खोलीत गाठलं.

“किती दिवस?”

“सहा महिने.” धाकटी रडत होती. “दुकानात कळलं तर मागे गोदामात टाकतील गं, ताई. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचं काम माझं. फादरांना हात उलटे-सुलटे काही कळत नव्हतं. तुला पहिल्याच रविवारी कळलं असतं.”

“आणि मी इथे एकटी उभी असायचे ते?”

“दिसायचं.”

“दिसायचं! मला वाटत होतं, तुला माझी किळस येते. सहा महिने मी हेच उरात घेऊन मैदा मळला. एकदा बोलली असतीस तर जीभ झडली असती?” पाववालीने तिचं मनगट धरलं, ओल्या रुमालाने पावडर खसाखसा पुसली आणि तिला दाराकडे ओढलं. “चल बाहेर. दाखव सगळ्यांना.”

धाकटीने हात सोडवला नाही, पण दुसऱ्या हाताने ती बाही डागावर ओढत होती. ते दिसलं तशी पाववालीने स्वतःच मनगट सोडलं. बाहेरच्यांनी जे केलं असतं, तिचा डाग चारचौघांत चर्चेला आणणं, तेच ती करायला निघाली होती, आणि याचाही तिला राग आला.

तेवढ्यात औषधवाले दारात आले. कमिटी जमली होती, पाववालीला बोलवायला ते आले होते. धाकटीला बघून त्यांचा चेहरा खुलला.

“शाब्बास हं. तुम्ही आधी उठलात म्हणून लोकांना धीर आला,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण पाववालीला ऐकू जाईल असं, “तरी घरी गेल्यावर हात तेवढा साबणाने धुवा.”

धाकटीने डोळे पुसले. बाही कोपरापर्यंत वर केली आणि दोन्ही हात, भाकर घेतलेला उजवा आणि पांढऱ्या डागाचा डावा, त्यांच्या नाकासमोर धरले.

“कुठला धुऊ?” तिने विचारलं. “हा की हा?”

औषधवाले एक पाऊल मागे सरले. मागे कमिटीची माणसं येऊन उभी राहिली होती. पाववाली बहिणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि औषधवाले काय उत्तर देतात याची वाट बघू लागली.